दुसरी गुंडाळी

शास्त्रवाचन : यिर्मया ३६:१-३२ आणि ४५:१-५



आपल्यामध्ये लिहिणारे पुष्कळ आहेत, पण स्वतःला लेखक म्हणवणारे थोडे. कोणी रविवारच्या शाळेसाठी धडे लिहितो. कोणी मंडळीसाठी गीते रचतो. एखादी बहीण रोज पहाटे देवाच्या वचनावरचे चार विचार लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नास जणांना पाठवते. कोणी नोकरीनिमित्त इंदूरला किंवा हैदराबादला राहतो आणि तिथल्या मोजक्या मराठी कुटुंबांसाठी प्रार्थनेचे पत्रक काढतो. कोणी आपल्या आजीची साक्ष वहीत उतरवून ठेवत आहे, कारण ती गेल्यावर सांगणारे कोणी उरणार नाही. हा संदेश तुमच्यासाठी आहे.

आणि तुमच्यातल्या ज्यांनी लिहिणे थांबवले आहे, त्यांच्यासाठी तो विशेषेकरून आहे. तुमचा लेख परत आला असेल, किंवा त्याची पोचसुद्धा आली नसेल. घरच्यांनी म्हटले असेल, "यातून काय मिळते?" मंडळीत कोणी एका ओळीवर बोट ठेवून चारचौघांत हसले असेल. किंवा यातले काहीही झाले नसेल, फक्त वर्षे गेली आणि मनात प्रश्न उभा राहिला, "माझ्या लिहिण्याने कोणाचे काय झाले?" मग वही कपाटात गेली.

अशा वेळी पवित्र शास्त्रातील एका लेखकाकडे पाहू या. त्याचे नाव बारूख. त्याने लिहिलेले पुस्तक त्याच्या देशाच्या राजाने जाळून टाकले.

तेवीस वर्षांचे शब्द

यहूदाचा राजा यहोयाकीम याच्या कारकिर्दीचे ते चौथे वर्ष होते. यिर्मया संदेष्टा तोवर तेवीस वर्षे देवाचे वचन सांगत आला होता आणि लोकांनी ऐकले नव्हते (यिर्मया २५:३). आता परमेश्वराने त्याला आज्ञा केली की, योशीया राजाच्या दिवसांपासून आजपर्यंत मी तुला जे जे सांगितले ते सर्व एका गुंडाळीवर लिही. यिर्मयाने नेरीयाचा पुत्र बारूख याला बोलावले. यिर्मया तोंडाने सांगत गेला, बारूख शाईने लिहीत गेला.

तेवीस वर्षांचे शब्द एका गुंडाळीत उतरवणे म्हणजे किती बैठका झाल्या असतील, याचा विचार करा. तेव्हा दुसरी प्रत काढून देणारे यंत्र नव्हते. एक संदेष्टा, एक लेखक आणि एक गुंडाळी, एवढेच होते.

लिहून झाले म्हणून लगेच लोकांपुढे आले, असेही नाही. यिर्मयाला मंदिरात जाण्यास मनाई होती. गुंडाळी वाट पाहत राहिली. पाचव्या वर्षाच्या नवव्या महिन्यात उपास जाहीर झाला, यहूदाच्या गावोगावचे लोक यरुशलेमेत जमले, तेव्हा बारूखने मंदिराच्या आवारात, शाफानाचा पुत्र गमऱ्या याच्या खोलीतून, ती सर्वांना वाचून दाखवली. त्याच दिवशी राजाच्या सरदारांनी त्याला बोलावून पुन्हा वाचायला लावले. ऐकून ते घाबरले. त्यांनी त्याला सांगितले की, तू आणि यिर्मया जाऊन लपा आणि कुठे आहात ते कोणाला कळू देऊ नका.

मग ती गुंडाळी राजापर्यंत पोहोचली. थंडीचे दिवस होते. राजा हिवाळ्यातल्या महालात बसला होता आणि पुढे शेगडी पेटली होती. यहूदी नावाचा सेवक वाचू लागला. तीनचार रकाने वाचून झाले की राजा चिटणिसाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. पुन्हा तीनचार रकाने, पुन्हा चाकू, पुन्हा शेगडी. असे करीत सगळी गुंडाळी राख झाली. तिघा सरदारांनी विनवणी केली, राजाने ऐकले नाही.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, तो चाकू लेखकाच्या कामाचा होता. बोरू तासायला आणि गुंडाळी नीट कापायला लेखक जवळ बाळगत तोच. लिहिण्याचेच हत्यार लिहिलेल्यावर चालवले गेले. दुसरी, यहोयाकीमचा पिता योशीया याच्यासमोरही एकदा असाच एक ग्रंथ वाचला गेला होता आणि तो वाचणारा शाफानच होता, या गमऱ्याचा पिता (२ राजे २२). ते वचन ऐकून योशीयाने आपली वस्त्रे फाडली. मुलाने वचन ऐकून गुंडाळी फाडली. मूळ इब्री भाषेत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. देवाच्या वचनासमोर काहीतरी फाटतेच. एकतर आपले मन फाटते, नाहीतर आपण ते वचनच दूर करायला पाहतो.

देवाने काय सांगितले

आता देवाचे उत्तर पाहा. बारूखचे काम जळाल्यावर देव यिर्मयाला पहिल्यांदा काय सांगतो? "पुन्हा दुसरी गुंडाळी घे आणि पहिल्या गुंडाळीत होते ते सर्व शब्द तिच्यावर लिही," हा त्या आज्ञेचा आशय. इतकेच. राख का होऊ दिली, याचे स्पष्टीकरण नाही. यापुढची गुंडाळी सुरक्षित राहील, असे आश्वासनही त्या आज्ञेत नाही. पहिलेच काम पुन्हा पहिल्या ओळीपासून करायचे होते.

हे कठोर वाटते का? पण त्याआधीचे एक वाक्य आपण वाचल्यावाचून पुढे जातो. राजाने बारूख आणि यिर्मया यांना धरून आणण्यास माणसे पाठवली, तेव्हा परमेश्वराने त्यांना लपवले (३६:२६). देवाने गुंडाळी जळू दिली, पण लिहिणाऱ्यांना जळू दिले नाही. गुंडाळी पुन्हा लिहिता येते. प्रियांनो, तुमच्या हस्तलिखितापेक्षा देवाला तुम्ही मोलाचे आहात. हे तुम्ही मनावर घेतले, तर अर्धी निराशा इथेच उतरेल.

यिर्मयाने दुसरी गुंडाळी घेऊन बारूखला दिली आणि बारूखने पहिले सर्व शब्द लिहिले. अध्यायाच्या शेवटी असे सांगितले आहे की त्यांत तशाच आणखी पुष्कळ शब्दांची भर पडली. दुसरी गुंडाळी पहिलीपेक्षा मोठी झाली. राजाने ज्या शेगडीत वचन संपवायला पाहिले, त्या शेगडीची हकीकतही आज त्याच पुस्तकात आहे. पहिली गुंडाळी होती, हे आपल्याला कशावरून कळले? बारूख दुसऱ्यांदा लिहायला बसला म्हणून.

मोठ्या गोष्टी शोधू नको

बारूख दुसऱ्यांदा बसू शकला याचे कारण पंचेचाळिसाव्या अध्यायात आहे. तो अध्याय अवघ्या पाच वचनांचा आहे आणि सबंध बारूखसाठीच आहे. संदेष्ट्याच्या लेखनिकासाठी देवाने स्वतंत्र संदेश दिला, ही लहान गोष्ट नव्हे.

हा संदेश केव्हा आला, ते पाहा. यहोयाकीमच्या चौथ्या वर्षी, बारूख पहिली गुंडाळी लिहीत असताना. म्हणजे आग लागण्याच्या आधी. तेव्हाच बारूख थकला होता. दुःखावर दुःख आले, कण्हून कण्हून मी दमलो, मला चैन पडत नाही, अशी त्याची तक्रार होती. देव त्याला थकल्याबद्दल रागावला नाही. देवाने बोट ठेवले ते दुसरीकडेच. तू स्वतःसाठी मोठ्या गोष्टी शोधतोस काय? त्या शोधू नको.

बारूखला मोठ्या गोष्टींची आस असणे स्वाभाविक होते. तो चांगल्या घराण्यातला होता. त्याचा भाऊ सराया पुढे सिद्कीया राजाच्या पदरी अधिकारी झाला (यिर्मया ५१:५९). बारूख शिकलेला होता, दरबारातल्या चिटणिसांच्या खोलीत त्याला प्रवेश होता. त्या काळी अशा माणसाला मोठे पद अशक्य नव्हते. आणि तो बसला होता कोणाजवळ? ज्याला मंदिरात यायला बंदी होती अशा माणसाजवळ.

थकवा आणि मोठेपणाची आस यांचा संबंध आपण प्रत्येकाने तपासायला हवा. लिहिण्याने हात दुखतात, पाठ दुखते, डोळे दुखतात. हा थकवा झोपेने जातो. पण "मला कोणी ओळखत कसे नाही" हा थकवा झोपेने जात नाही. ज्याच्या मनात हे शल्य आहे, त्याची गुंडाळी जळाली की तो दुसरी घेणार नाही, कारण जळाले ते त्याचे नाव. ज्याला देवाने ही आस सोडायला शिकवली, त्याचे शब्द जळाले तरी काम शिल्लक असते. म्हणून देवाने बारूखला आगीआधीच तयार केले. त्याला काय वचन दिले? तू जिकडे जाशील तिकडे तुझा जीव तुला लुटीसारखा मिळेल. पद नाही, कीर्ती नाही. जीव मिळेल, आणि काम मिळेल.

श्रीरामपूरची आग

हीच गोष्ट आपल्या देशात, बंगालमधील श्रीरामपूर येथे घडली. नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे. हे कलकत्त्याजवळ, हुगळीच्या काठचे.

विल्यम कॅरी हे इंग्लंडमधले चांभारकाम करणारे. १७९३ मध्ये ते भारतात आले. पहिल्या हिंदी विश्वासणाऱ्याचा, कृष्ण पाल यांचा, बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरच्या अखेरीस. सात वर्षे! १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला. कॅरींनी महाराष्ट्रात कधी वास्तव्य केले नाही, पण कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी शब्दकोश प्रसिद्ध केला. मराठी मुद्रित पुस्तकांच्या इतिहासात या कामाला मानाचे स्थान आहे.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कॅरींचे सहकारी विल्यम वॉर्ड यांनी धूर पाहिला. रात्रभरात कागदाचा साठा, अनेक भाषांचे खिळे आणि कॅरींची हस्तलिखिते जळून गेली. कॅरी त्या वेळी कलकत्त्यात शिकवत होते. दुसऱ्या दिवशी जोशुआ मार्शमन यांनी जाऊन त्यांना ही बातमी सांगितली. जळालेल्या कागदांत तेलुगू आणि पंजाबी व्याकरणांचे लिखाण होते. पूर्वेकडील अनेक भाषांचा एक मोठा तुलनात्मक शब्दकोश कॅरी वर्षानुवर्षे रचत होते, तोही गेला. कॅरी तेव्हा पन्नास वर्षांचे होते.

पुढच्या रविवारी कॅरींनी उपदेश केला तो शेहेचाळिसाव्या स्तोत्रातील त्या वचनावर, जिथे देव शांत व्हा आणि मीच देव आहे हे जाणा, असे सांगतो. आपल्या एका पत्रात त्यांनी अशा अर्थाचे लिहिले की, एकदा चाललेल्या वाटेने दुसऱ्यांदा जाताना त्रास झाला तरी पाऊल अधिक खात्रीने पडते. मग ते कामाला लागले. ढिगाऱ्यातून खिळे ओतण्याचे साचे वॉर्ड यांना शाबूत सापडले होते आणि छपाईची यंत्रेही वाचली होती. वितळलेले शिसे गोळा करून त्याचेच पुन्हा खिळे ओतले गेले. पंजाबी व्याकरण त्याच १८१२ साली छापून निघाले, तेलुगू व्याकरण १८१४ मध्ये, कन्नड व्याकरण १८१७ मध्ये.

पण प्रियांनो, आपण गोष्ट अर्धी सांगू नये. तो अनेक भाषांचा मोठा शब्दकोश पुन्हा झाला नाही. दुसरी गुंडाळी घेतली म्हणजे जे जळाले ते सगळेच परत मिळते, असे देवाने कोठेही म्हटलेले नाही. काही गोष्टी राखच राहतात. कॅरींनी जे पुन्हा करता आले ते केले आणि जे करता आले नाही ते देवाच्या हाती सोडले. चिकाटी म्हणजे हट्ट नव्हे, हे इथे दिसते.

आणखी एक गोष्ट. आगीची बातमी इंग्लंडला पोहोचली आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांनी थोड्याच काळात नुकसान भरून निघेल इतका पैसा जमवला. ज्यांना श्रीरामपूर माहीत नव्हते, त्यांनाही आता ते माहीत झाले. कॅरींचे नाव सगळीकडे गाजू लागले. तेव्हा त्यांचे स्नेही अँड्र्यू फुलर यांनी त्यांना पत्रातून सावध केले. लोक आता आपली स्तुती करीत आहेत आणि त्या स्तुतीचा सुवास आपण घेऊ लागलो, तर देव आपला आशीर्वाद आखडता घेईल, असा त्या इशाऱ्याचा रोख होता. आगीपेक्षा टाळ्यांची भीती फुलर यांना जास्त वाटली. बारूखला मिळालेला संदेशच तो.

चाकू कोणाचा आहे?

इथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. आपल्या लिखाणावर चाललेला प्रत्येक चाकू यहोयाकीमचा नसतो. संपादकाने तुमचे दोन परिच्छेद काढले, पाळकांनी एका विधानाखाली रेघ मारली, एखाद्या बहिणीने सांगितले की हे वाक्य मला समजलेच नाही, तर लगेच "माझा छळ होत आहे" असे म्हणू नका. योहान पंधराव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की पिता माळी आहे आणि फळ देणारा फाटासुद्धा तो साफ करतो, यासाठी की अधिक फळ यावे.

दोन चाकूंमधला फरक कसा ओळखावा? यहोयाकीमने ऐकण्याआधीच कापायचे ठरवले होते. त्याला वचन नको होते. माळी आधी फांदी पाहतो, मग कापतो, आणि त्याला फळ हवे असते. टीका करणाऱ्याने तुमचे लिखाण वाचले आहे का? त्याला ते अधिक चांगले व्हावे असे वाटते का? असेल, तर त्याचे आभार माना आणि दुरुस्ती करा. नसेल, तरी त्याच्याशी भांडत बसू नका. बारूखने राजाला उत्तर लिहिले नाही. त्याने गुंडाळी लिहिली.

आणि लिखाणात खोट असेल तर? ऐकीव गोष्ट साक्ष म्हणून लिहिली असेल, कोणाचा मजकूर आपल्या नावाने दिला असेल, कोणाचे गुपित उघडे केले असेल, तर ते कापलेच पाहिजे. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीला सांगतो की त्याने सर्व गोष्टींचा मुळापासून नीट शोध केला. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिणाऱ्यानेसुद्धा शोध करण्याचे कष्ट टाळले नाहीत. मग आपण कसे टाळावे?

छापलेले न पाहिलेले हात

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याच वाटेने गेलेल्या दोन स्त्रिया आहेत.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करायला घेतले, तेव्हा त्यांनी पन्नाशीच्या सुमारास इब्री आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला. खेड्यातल्या, थोडे शिकलेल्या बायकांना समजेल असे शास्त्र त्यांना हवे होते. अनाथ मुलींचा, विधवांचा, दुष्काळातून आलेल्यांचा मोठा संसार सांभाळत हे काम वर्षानुवर्षे चालले. मुक्तीतल्या मुलींनीच खिळे जुळवले, त्यांनीच छापले. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा प्रभूकडे गेली. रमाबाईंना तेव्हा ऐकूही कमी येत होते. तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या विसाव्यात गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र प्रसिद्ध झाले ते १९२४ मध्ये.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी प्रभू येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले होते. १९१९ मध्ये ते वारले, तेव्हा सुमारे दहा अध्याय झाले होते. ते अपुरे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. त्या शाळेत जाऊन शिकल्या नव्हत्या, नवऱ्याने शिकवले तेवढेच. त्यांनी साठांहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्यांचा अंत झाला आणि ग्रंथ १९३८ मध्ये बाहेर आला.

दोघींनीही आपले पूर्ण छापलेले पुस्तक हातात घेतले नाही. तरी त्या थांबल्या नाहीत, कारण पुस्तक हातात येणे हे त्यांचे प्रतिफळ नव्हते. करिंथकरांना पौल सांगतो की एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढ देणारा देव आहे (१ करिंथ ३:६). पाणी घालणाऱ्याला पीक पाहायला मिळतेच असे नाही. त्याच्या हाती घागर असते, एवढे पुरे आहे.

तर आता काय करावे?

आध्यात्मिक गोष्टींना हातपाय लागले नाहीत तर त्या तोंडातच राहतात. म्हणून चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, लिहिण्याला वेळ ठरवून द्या. स्फूर्तीची वाट पाहू नका. कॅरी आपल्याविषयी सांगत की त्यांना एवढेच येते, हाती घेतलेल्या कामात पाय ओढत का होईना, चालत राहणे. रोज अर्धा तास किंवा आठवड्यातून दोन संध्याकाळी, जे तुमच्या संसारात बसते ते. लेकरांची आई असाल तर पंधरा मिनिटे. पण ती पंधरा मिनिटे प्रभूला दिलेली म्हणून राखा.

दुसरी, एकटे राहू नका. यिर्मयाला बारूख होता, पौलाला रोमकरांस पत्र लिहून देणारा तर्तियस होता (रोम १६:२२). ज्याला लिहिता येते त्याने, ज्याला सांगता येते पण लिहिता येत नाही अशा एखाद्या म्हाताऱ्या विश्वासणाऱ्याजवळ जाऊन बसावे. आपल्या मंडळ्यांमधल्या कितीतरी साक्षी या दोघांची गाठ न पडल्यामुळे स्मशानभूमीत गेल्या आहेत. स्वतःसाठीही एक विश्वासू वाचक शोधा, जो प्रार्थना करील आणि चूकही दाखवील.

तिसरी, प्रत ठेवा. हसू नका. देवावर विश्वास ठेवणे आणि वहीचे फोटो काढून ठेवणे यांत विरोध नाही. मोबाइल बिघडला, पावसात कपाट भिजले म्हणून गेलेली साक्ष ही देवाने घेतलेली परीक्षा असतेच असे नाही. पुष्कळदा तो आपला निष्काळजीपणा असतो.

चौथी, वाचून दाखवा. बारूखची गुंडाळी एकाच दिवसात तीनदा वाचली गेली. पहिल्यांदा लोकांनी ऐकली, दुसऱ्यांदा सरदार घाबरले, तिसऱ्यांदा राजाने जाळली. एकाच लिखाणाला एका दिवसात तीन उत्तरे मिळाली. राजाच्या उत्तरावरून सगळ्यांचे उत्तर ठरवू नका. तुमचे लिखाण छापले जात नसेल तर घरच्या प्रार्थनेत वाचा, उपासक मंडळीत वाचा, आजारी माणसाच्या उशाशी वाचा. पौलाची पत्रेही मंडळ्यांमध्ये मोठ्याने वाचली जात होती. शब्द कानावर पडला की आपले काम झाले.

आणि एखाद्या दिवशी लिहवत नसेल, तर झोपा. देवाने एलीयाला झुडपाखाली आधी निजू दिले, खायला दिले, मग पुढची आज्ञा दिली (१ राजे १९).

नाव कुठे लिहिले आहे?

शेवटी आपल्या प्रभूकडे पाहू या. प्रभू येशूने एकही पुस्तक लिहिले नाही. त्याने बोटाने लिहिले असा उल्लेख एकदाच आहे, तोही जमिनीवर, जेव्हा एका स्त्रीला दगडमार करायला लोक उभे होते (योहान ८). त्याने काय लिहिले, ते शास्त्र सांगत नाही. पायाखाली ते पुसूनही गेले असेल. पण त्या दिवशी ती स्त्री जिवंत घरी गेली. ज्या शब्दाने सृष्टी झाली, तो शब्द स्वतः देही झाला, लोकांनी त्याचा नाकार केला, त्याला वधस्तंभावर दिले, थडग्यात ठेवून दगड लावला. जगाला वाटले, संपले. तिसऱ्या दिवशी देवाने काय केले, ते आपण जाणतो. जाळून, कापून, पुरून देवाचा शब्द संपत नाही. म्हणूनच आपण दुसरी गुंडाळी घेऊ शकतो.

सत्तर शिष्य मोठ्या आनंदाने परत आले आणि आपल्या सेवेचे यश सांगू लागले, तेव्हा प्रभूने त्यांना सांगितले की यात आनंद मानू नका, तर तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत यात आनंद माना (लूक १०:२०). प्रिय लेखक बंधूंनो आणि बहिणींनो, तुमचे नाव कोणत्या मासिकात छापून आले, कोणत्यात नाही, याचा हिशोब आज सोडून द्या. तुमचे नाव कोकऱ्याच्या जीवनी पुस्तकात लिहिले आहे का, एवढे पाहा. ते लिहिणारा हात खिळ्यांनी विंधलेला आहे आणि ते पान कोणा राजाच्या शेगडीत जाणार नाही. जो त्या पानावर आहे त्याला या जगातल्या पानांची भीती उरत नाही. तो जाळलेले पुन्हा लिहू शकतो.

आज संध्याकाळी कपाटातली ती वही काढा. जिथे थांबला होता, ते पान उघडा. तारीख घाला आणि पुढची एक ओळ लिहा.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू बोलतोस आणि तुझे वचन व्यर्थ होऊन परत येत नाही, म्हणून आम्ही तुझी स्तुती करतो. आमच्यातल्या ज्यांचे काम राख झाले त्यांचे सांत्वन कर. जे परत मिळणार नाही ते तुझ्या हाती सोडण्याची, आणि जे पुन्हा करता येईल ते करण्याची शक्ती दे. स्वतःसाठी मोठ्या गोष्टी शोधण्यापासून आम्हांला सोडव. आमचे लिखाण खरे असू दे, कोणाला पाडणारे नव्हे तर उभारणारे असू दे. आमच्या थकलेल्या हातांना विसावा दे आणि उद्या पुन्हा बसण्याची कृपा दे. ज्याच्या नावाने आम्ही लिहितो, त्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.